दोघींत एक खाट

१

धाकटी परमुलखात शिकायला गेली तेव्हा तिला वाटलं होतं, अवघड असेल तो अभ्यासच. अभ्यास जमला. राहायला जागा काही मिळेना.

सकाळी कॉलेजच्या बेसिनवर तोंड धुवायचं, तासांना बसायचं आणि दुपार कलली की जागा बघत हिंडायचं, असा तिचा रोजचा क्रम होऊन बसला. एका ठिकाणी जिन्याखालचं कपाटासारखं काहीतरी दाखवलं. "इथं पाय लांब करता येत नाहीत हो," ती म्हणाली. दाखवणारा दलाल म्हणाला, "मग बरंच की, बसल्या बसल्या अभ्यास होईल." दुसरीकडे ती जिना चढून वर जाईपर्यंत जागा गेलेली. तिसरीकडे एका बाईने दार किलकिलं करून तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि घर भरलंय म्हणून लावून घेतलं. भाडी तर अशी, की आकडा ऐकूनच माणसाने दारातून मागे फिरावं.

तोवर ती वर्गातल्या एका मैत्रिणीच्या सोफ्यावर पडत होती. मैत्रीण तोंडाने काही बोलत नव्हती. पण तिचा नवरा हल्ली उशिरापर्यंत त्याच सोफ्यावर बसून टीव्ही बघू लागला होता, आणि त्यातून काय समजायचं ते धाकटी समजली होती.

नुसतं पडण्यापुरतं असतं तर तिने कसंही निभावलं असतं. पण त्या मुलखाचा कायदा असा, की बाहेरून आलेल्याने राहता पत्ता नोंदवायचा. मग ऑफिसातून तपासनीस येणार, माणूस खरंच तिथं राहतो का ते डोळ्यांनी बघणार, आणि मगच कागदावर शिक्का पडणार. शिक्का नाही तर कॉलेजातून नाव कमी. नाव कमी झालं की परतीचं विमान.

आणि परत जायचं तरी कुठल्या तोंडाने? वडील अंथरुणाला खिळले तेव्हा थोरली बहीण शिकत होती. त्यांना उठवा-बसवायला घरात कुणीतरी हवं, म्हणून तिचं कॉलेज अर्ध्यावर सुटलं ते सुटलंच. धाकटी निघाली तेव्हा थोरलीने तिची बॅग स्वतः भरली, वेणी घालून दिली आणि म्हणाली, "इकडचं मी बघते. तू मधेच परत आलीस ना, तर मी तुझ्याशी बोलणार नाही." हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते.

आई फोनवर रोज तेच विचारायची. "मिळाली का गं जागा?"

"मिळेल गं आई."

"एवढं मोठं शहर म्हणतेस, आणि एका पोरीला एक खाट मिळू नये?"

२

खाट मिळाली. आपल्या बोलीत बोलणारी एक बाई होती, कधीची त्या शहरात येऊन राहिलेली. एका लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला होती. सगळे तिला काकू म्हणत. भाड्याने घेतलेल्या घरातली एक खोली ती पोटभाड्याने देत असे. कुणाच्या तरी ओळखीने धाकटी तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आधीच सांगते," काकू म्हणाली. "खाट एक आणि माणसं दोन. बेकरीत काम करणारी एक बाई आहे. ती रात्रपाळी करते, दिवसा झोपते. तू दिवसा कॉलेजात, रात्री झोपशील. परवडतं ते असंच परवडतं बघ."

"चालेल," धाकटी लगेच म्हणाली.

"ऐकून तर घे. या खोलीत एकाच माणसाला राहायची परवानगी आहे. त्या बाईची नोंद तिच्या भावाच्या पत्त्यावर आहे, म्हणून तुझी इथं करता येईल. पण तुम्ही दोघी एकदम घरात दिसता कामा नये. खालचा रखवालदार म्हणजे नुसता डोळा आहे. एक गेली की थोडा वेळ मधे जाऊ द्यायचा, मग दुसरीने यायचं. एकमेकींची वाट बघायची नाही, गप्पा छाटायच्या नाहीत. कळलं?"

खोली लांबट होती, रेल्वेच्या डब्यासारखी. एक खिडकी, तीही इमारतीच्या मधल्या बोळकांडीत उघडणारी. त्यामुळे भर दुपारीही आत तिन्हीसांजेसारखा उजेड. भिंतीला लागून लोखंडी खाट, तिच्यावर जाड गादी आणि एकच भलीमोठी रजई. एक खुर्ची. कपाटाचा वरचा कप्पा बेकरीवालीचा, खालचा धाकटीचा. वरच्या कप्प्यातून पिठाचा आणि भाजलेल्या पावाचा वास येत होता. धाकटीला त्या वासानेच बरं वाटलं.

पहिल्या दिवशी ती वाचनालय बंद होईपर्यंत तिथं बसली आणि मग घरी आली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. अंगावरचे कपडे न बदलताच ती रजईत शिरली, आणि तिला हसूच आलं. गादी ऊबदार होती. नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी.

बिचारी बेकरीवाली, ती मनात म्हणाली. माझ्यासाठी अंथरूण तापवून गेली. आणि किती दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

३

हळूहळू बस्तान बसलं. धाकटी सकाळी लवकर उठायची, रजईची घडी करून पायथ्याशी ठेवायची, आणि बेकरीवाली यायच्या कितीतरी आधी घर सोडायची. संध्याकाळी परतायची तेव्हा रजई पसरलेली असायची आणि गादी ऊबदार असायची. घड्याळ चुकेल, पण ती ऊब चुकायची नाही.

तिच्या घरी एक सवय होती. घरातलं एखादं माणूस अजून यायचं असेल तर त्याचा वाटा झाकून ठेवल्याशिवाय कुणी जेवून उठायचं नाही. धाकटी त्याच सवयीने रात्री केलेल्यातलं थोडं ताटलीत झाकून खोलीतल्या खुर्चीवर ठेवून जाऊ लागली. संध्याकाळी ताटली रिकामी असायची. लख्ख पुसलेली. दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं, पण धाकटीला वाटायचं, आपली हिच्याशी ओळख झाली आहे. थोरलीला तिने फोनवर सांगितलंसुद्धा, "इथं मला अजून एक बहीण मिळालीय. फक्त दिसत नाही."

"दिसत नाही तेच बरं," थोरली म्हणाली. "दिसली असती तर भांडली असतीस."

एक गोष्ट मात्र धाकटीच्या ध्यानात आली होती. ती नेहमी खाटेच्या बाहेरच्या काठाला झोपत होती. आपल्या घरी ती अशी कधीच झोपली नव्हती, तिला भिंतीकडची बाजू लागायची. मग एकदा सकाळी तिने गादीवरून हात फिरवून पाहिला. भिंतीकडच्या बाजूला गादी खोलगट झाली होती. माणूस एका कुशीवर वर्षानुवर्षं झोपला की होते तशी. खोलगट जागेत हात टेकवला तर तिथं ऊब. बाहेरच्या काठावर, जिथून ती स्वतः आत्ता उठली होती, तिथं त्याहून कमी.

गरम पाण्याचा नळ जात असेल भिंतीतून, ती मनाशी म्हणाली. थंड मुलखात असतं असं. तिने भिंतीला तळवा लावला. भिंत बर्फासारखी गार होती.

असेल काहीतरी, म्हणून ती कॉलेजला गेली. काही तासांनी तिच्या डोक्यातून गेलंही.

मग एका संध्याकाळी ती आली तेव्हा काकू ओट्यापाशी उभी राहून चहा पीत होती. सहज बोलता बोलता म्हणाली, "आज-उद्या खोली तुझ्या एकटीची आहे हो. बेकरीवाली भावाकडे गेलीय, दुसऱ्या गावी. काल दुपारीच गेली."

"कालच?"

"मग! तुझी मजा. पसर हातपाय."

धाकटी खोलीत गेली. रजई पसरलेली होती. खुर्चीवरची ताटली पुसलेली होती. तिने बराच वेळ उभ्याउभ्या खाटेकडे पाहिलं. मग वाकून, अंग लांब ठेवून, नुसती बोटं रजईखाली घातली, आणि विस्तवाला लागल्यासारखी मागे घेतली.

गादी ऊबदार होती.

४

काकू दुपारी येऊन पडली असेल. नाही, काकूची स्वतःची खोली आहे. मग कुणी पाहुणी? मांजर? एवढ्या मोठ्या खाटेला मांजर किती ऊब देणार? धाकटी शिकलेली मुलगी होती. तिने एकेक शक्यता घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि बाजूला ठेवली. शेवटी हातात काहीच उरलं नाही, तेव्हा ती रजई उचलून स्वयंपाकघरात गेली आणि दोन खुर्च्या जोडून त्यांवर पडली.

सकाळी काकूने तिला तिथं पाहिलं तेव्हा कपाळाला हात लावला. "आता ही काय तऱ्हा? उठायची वेळ झाली तर उठायचं नाही, आणि झोपायची वेळ झाली तर खाटेवर झोपायचं नाही!"

"उठायची वेळ म्हणजे?"

"बाई गं, मला तुम्हा दोघींच्या मधे पडायचं नाही. पण बेकरीवाली कुरकुर करत होती. जाताना म्हणाली, 'काकू, त्या पोरीला सांगा जरा. मी रात्रभर उभी राहून येते आणि ही अजून खाटेवर.' भलंबुरं बोलली नाही हो ती, चांगली आहे. उठवतसुद्धा नाही तुला. पण तिच्या जिवालाही आराम नको का?"

धाकटीला आधी रागच आला. "काकू, मी उजाडायच्या आत घराबाहेर पडते. तुम्हीच तर दार लावून घेता माझ्यामागे!"

काकू काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. दार ती रोज लावून घेत होती, ते तिलाही आठवलं.

"मग दुसऱ्या कुणाबद्दल म्हणाली असेल," काकू म्हणाली, आणि इस्त्रीच्या कामाला उशीर झाला असं म्हणत निघून गेली. दुसऱ्या कुणाबद्दल, ते दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.

५

बेकरीवाली परत आल्याचं कळलं तशी धाकटी पत्ता विचारत तिच्या बेकरीवर गेली. नियम मोडला तर मोडला, म्हणाली. रात्रपाळीची तयारी नुकती सुरू झाली होती. मागच्या दाराशी एक आडव्या बांध्याची बाई, कोपरापर्यंत पीठ, पोती मोजून घेत उभी होती.

"ताई, मी काकूंकडची. तुमच्या खाटेवरची."

बाईने तिला पाहिलं आणि तोंडभर हसली. "अगं बाई, तू होय ती झोपाळू! ये, ये. तोंड बघितलं एकदाचं तुझं. रोज पाठच बघते. घे, पाव खा, गरम आहे."

"ताई, माझी पाठ कधी बघितलीत तुम्ही?"

"आता गं! सकाळी येते ना मी. तू आपली भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून रजई ओढून. जरा वेणीचं टोक तेवढं बाहेर. मी म्हणते, जाऊ दे, पोर दमली असेल, परमुलखात एकटी. झोपलेल्या माणसाला काय उठवायचं? मग मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या बसल्याच डोळे मिटते. जाग येते तोवर तू गेलेली असतेस. किती हळू जातेस गं, दारसुद्धा वाजत नाही तुझं."

"ताई, मी तेव्हा घरात नसते."

"चल, थट्टा करतेस."

"वडिलांची शपथ. मी तेव्हा कॉलेजात असते. हवं तर तिथं कुणालाही विचारा."

बेकरीवालीचं हसू गालावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. तिने हातातलं पोतं हळूच खाली ठेवलं.

"आणि तुम्ही कधी निघता घरातून?" धाकटीने विचारलं.

"दुपारीच की. भट्टी पेटवायला लवकर यावं लागतं."

"मी येते अंधार पडल्यावर. आणि गादी ऊबदार असते ताई. रोज. तुम्ही भावाकडे होतात तेव्हासुद्धा होती."

आत भट्टीच्या पत्र्यावर कुणीतरी पाव उलटे करत होतं, त्याचा खडखड आवाज येत राहिला. दोघी भल्या बायका. एकीला वाटलं पोरगी झोपलीय, तिला उठवू नये. दुसरीला वाटलं ताई उठून गेली, तिची ऊब आहे. एकमेकींच्या भिडेखातर इतके दिवस कुणी रजई ओढून बघितलं नव्हतं.

"तरी ताई, तुम्ही माझं ठेवलेलं खात होतात ना?" धाकटी अगदी बारीक आवाजात म्हणाली. "ताटली पुसून ठेवत होतात?"

"कुठली ताटली?" बेकरीवाली म्हणाली.

मग तिने धाकटीचा हात आपल्या पिठाच्या हातात घेतला. "ऐक. मी आजपासून तिकडे पाऊल टाकत नाही. इथं वर पोत्यांचा माळा आहे, मालक पडू देईल. तूही चल. दोघी पडू पोत्यांवर."

"इथला पत्ता नोंदवता येईल?"

"माळ्याचा? वेडी का काय?"

"या आठवड्यात तपासनीस येणार आहे. दिवसा, केव्हाही. तेव्हा मी तिथं दिसले नाही तर संपलं सगळं. मला परत नाही जाता येणार, ताई."

बेकरीवालीने तिचा हात घट्ट दाबला. शेवटी म्हणाली, "मग त्या खोलीत जाऊ नकोस. घरात राहा, पण खोलीत जाऊ नकोस. आणि तिला खायला ठेवणं बंद कर."

तिला, म्हणाली.

६

धाकटीने तासांना जाणं सोडलं आणि दिवसभर स्वयंपाकघरात तपासनिसाची वाट बघत बसू लागली. काकू सकाळीच लाँड्रीत जायची. घरात धाकटी एकटी. खोलीचं दार तिने ओढून घेतलेलं, आणि दाराला तोंड करून खुर्ची टाकलेली. पाठ करून बसायची हिंमत नव्हती.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. नळ टपटपत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी खाटेची स्प्रिंग वाजली. एकदाच. कुणी कूस बदलावी तशी. धाकटीने पुस्तकात मान घातली आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. लोखंड थंडीने आकसतं, ती मनात म्हणाली, वाजणारच. मग वाटलं, आकसतं तर रात्री का नाही वाजत?

त्यानंतर कधी गादीचा दबलेला आवाज यायचा, कधी रजई सारखी केल्याचा. सगळ्यात वाईट होतं ते त्या आवाजांतलं घरपण. आत कुणी रडत नव्हतं, कण्हत नव्हतं. सुटीच्या दिवशी एखादी मुलगी उशिरापर्यंत लोळत पडावी आणि तिला उठायची घाई नसावी, तसं ते सगळं होतं.

आणि मग धाकटीला ऐकू आलं, ते गुणगुणणं होतं. तोंड मिटून, अगदी हळू. चाल ओळखीची नव्हती. पण मधे मधे श्वास घ्यायची जी तऱ्हा होती, ती मात्र तिच्या ओळखीची होती. ती तिची स्वतःची होती.

त्या दिवशी तिने खाली इमारतीच्या दाराशी जाऊन आईला फोन लावला, पण आईचा आवाज ऐकल्यावर काही सांगता येईना.

"जेवलीस का?" आई म्हणाली.

"हो."

"खोटं बोलतेस. बरं, ते तपासणीचं झालं का?"

"होईल."

"थोरली इथं बोटं मोजत बसलीय बघ. वडीलसुद्धा आज मान हलवून विचारत होते, झालं का, झालं का."

धाकटी पुन्हा वर गेली.

७

आठवडा सरत आला आणि कॉलेजातून निरोप आला. लगेच येऊन तोंडी परीक्षा दे, नाहीतर तुला गैरहजर धरू. धाकटीने रडवेल्या आवाजात सरांना विनवलं, आजचा दिवस सोडा. सर म्हणाले, सगळ्यांना एकच न्याय. आता परीक्षा बुडाली तरी परत, आणि तपासणी बुडाली तरी परत. कॉलेज जवळ होतं. तेवढ्या वेळात कोण येतंय, असं म्हणत ती धावतच सुटली.

परीक्षेत काय विचारलं, काय सांगितलं, तिला पुढे आठवलं नाही. पास झाली एवढं खरं. ती तशीच धावत परतली, जिना चढली, आणि बघते तर दार उघडं आणि दारात काकू. लाँड्रीचा एप्रनसुद्धा सोडलेला नाही. चेहरा आनंदाने फुललेला.

"झालं गं बाई, सुटलो!" काकू म्हणाली. "लाँड्रीत फोन आला त्याचा, दारात उभा आहे म्हणून. मी आले पळत. माणूस भला होता. खोली बघितली, खिडकी बघितली. तू आपली झोपलेली! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, भर दिवसा पोर झोपलीय म्हणून. पण तोच म्हणाला, असू दे, विद्यार्थी रात्री जागतात. मी हाक मारली तशी बसलीस की नाही उठून?"

धाकटीने जिन्याचा कठडा धरला.

"फोटोशी तोंड ताडून बघितलं त्याने. नाव विचारलं, गाव विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं. सगळं कसं नीट सांगितलंस! थोरल्या बहिणीचंसुद्धा सांगितलंस. घसा जरा बसल्यासारखा वाटला, एवढंच. त्याने तिथंच शिक्का मारला. तो बघ कागद टेबलावर. मी त्याला जिन्यापर्यंत पोचवलं, तेव्हापासून इथंच दम खात उभी आहे, तर..."

काकूचा आवाज मधेच मंदावला. ती धाकटीच्या पायांकडे बघत होती. बुटांवर बाहेरचा चिखल होता. मग तिने धाकटीच्या कोटाकडे पाहिलं, खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं, धापेने वरखाली होणाऱ्या छातीकडे पाहिलं.

"तू बाहेर कधी गेलीस?" ती म्हणाली. "मी तर दारातच आहे."

धाकटीने नुसती मान हलवली.

काकू मागे वळून खोलीच्या दाराकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काय काय सरकत गेलं ते धाकटीला दिसलं. शेवटी काकूने पदरासारखा एप्रनचा कोपरा धरून तोंड पुसलं.

"हे बघ," ती खालच्या आवाजात म्हणाली. "काम झालं ना? शिक्का बसला. कागद तुझ्या नावाचा आहे. आता मला काही विचारू नकोस, बाळ. मलाही या वयात दुसरं घर कुणी देणार नाही."

आणि ती लाँड्रीत निघून गेली. जाताना तिने धाकटीला वळसा घातला, अंगाला अंग लागू नये असा.

८

धाकटीने घरी फोन केला. आई रडली. मागे थोरलीचा आवाज आला, वडिलांच्या कानात ओरडून सांगत होती, "झालं हो तिचं! झालं!" मग फोन तिच्या हातात आला.

"काय गं, बोलत का नाहीस?"

"दमलेय."

"मग झोप आता. आता तरी निवांत झोप. जागा तुझी झाली."

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात बसून राहिली. खिडकीतला उजेड उतरत गेला. बेकरीच्या माळ्यावर जावं, तिला वाटलं. आत्ता उठावं आणि जावं. पिशवी तर खांद्यावरच होती.

पण मग तिच्या मनात आलं, आपण गेलो तर इथं काय कमी पडेल? नोंद राहील. पत्ता राहील. तपासनीस पुन्हा आला तर खाटेवर कुणीतरी उठून बसेल, नाव सांगेल, गाव सांगेल. घसा सुटला की तासांनाही जाईल. थोरलीचा फोन आला तर उचलेल. आणि त्या घरी, जिथं वडील मान हलवून विचारतात, तिथं कुणाला काही कळणारही नाही. शहरात जिचा पत्ता नाही अशी एकच उरेल, आणि ती पोत्यांवर पडलेली असेल.

हा विचार तिने एकदा केला, आणि नंतर उठून बाहेरचं दार धरायची ताकद तिच्यात राहिली नाही.

ती खोलीच्या दाराशी गेली. दार ढकललं.

आत जेमतेम दिसत होतं. पावाचा वास आता उरला नव्हता. खाटेवर भिंतीकडे तोंड करून कुणीतरी निजलं होतं. रजई खांद्यापर्यंत होती. वेणी होती, तिच्या वेणीएवढी, आणि वेणीच्या मुळाशी मानेवरचे केस सुटलेले, दिवसभर पडून राहिल्यावर सुटतात तसे. श्वास संथ चालला होता. धाकटीने आपला श्वास रोखला. खाटेवरचा श्वासही थांबला.

दोघी ऐकत राहिल्या.

बूट काढावेत की नाही, हे तिला कळेना. असल्या वेळी माणसाच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही. तिला आठवलं, किती दारांवरून ती परत फिरली होती, किती जणांनी तिला भरलंय म्हणून सांगितलं होतं.

मग स्प्रिंग वाजली. खाटेवरची ती, तोंड न वळवता, गादीच्या खोलगट जागेत हळूच आणखी आत गेली, अगदी भिंतीला टेकेपर्यंत, आणि तिच्या हाताने पाठीमागची रजई थोडी वर उचलून धरली.

त्या अख्ख्या शहरात धाकटीसाठी सरकून जागा करणारं पहिलंच कुणीतरी होतं ते.